रेजिदोर

हळदोण्याच्या बेकरीत, भट्टीवरच्या उबदार कट्ट्यावर
एक तांबूस बोका बसायचा,
गावचा कारभार आपल्याच सहीने चालतो अशा थाटात.
म्हणून नाव रेजिदोर.
राजवट गेली, हुद्दा गेला,
नाव तेवढं मांजराकडे आलं
आणि कुणालाच शोभलं नव्हतं इतकं शोभलं.

रंग म्हणाल तर दुसऱ्या खेपेच्या पोयीचा:
पाठ खरपूस, पोट अजून पिठाचं.
कपाळावर रोमी एम.
फिलोमेन म्हणायची, मरियेचा.
मी म्हणायचो, म्हापशाचा.
तो दोघांनाही कपाळ खाजवू द्यायचा
आणि मत द्यायचा नाही.
डावा कान फाटलेला;
काळ्या बोक्याशी चाललेल्या जुन्या खटल्याचा निकाल.

फेर्मीनचे तोस तेव्हा खपत नव्हते.
दुसऱ्यांच्या पाकिटावर कोंबडा होता, आगबोट होती,
याच्या पाकिटावर नुसतं तेल फुटलेलं.
मी बसच्या पाट्यांवर गावांची नावं लिहायचो.
पंचवीस रुपये आणि महिनाभर रोज चार पाव,
असा ठराव झाला.
‘चित्र कसलं?’ मी विचारलं.
त्याने नुसतं वर बघितलं.

पहिल्या दुपारी बोक्याने पाठ दिली.
दुसऱ्या दुपारी मागचा पाय आभाळाला लावून
जे चाटलं, ते पाकिटावर छापता येत नाही.
तिसऱ्या दुपारी झोपला.
झोपलेलाच काढला,
डोळे नंतर उघडले, मी, दोन नंबरच्या ब्रशने.

‘हांसता तसो दाखय,’ फेर्मीन म्हणाला.
मांजर हसत नाही, मी म्हटलं.
‘गिरायक हांसता न्हय?’
म्हणून ओठाच्या दोन रेघा वर वळवल्या.
जन्मभर रंगवलेल्या खोट्या पाट्यांत
तेवढी एक सगळ्यांना आवडली.

तोस खपले.
खोर्जुव्याहून फेरीतून पोरं यायची,
पाकीट त्याच्या तोंडाशी धरून पडताळायची.
काळं मांजर आडवं गेलं तर माणूस थांबतो,
पांढरं रात्री दचकवतं,
पण हा रंग दिसला की उपाशी माणसालाही वाटतं
आत कुठेतरी चूल पेटलेली आहे.
एवढंच असावं त्यात. जास्त मला कळलं नाही.
तोस मात्र त्याने जन्मात खाल्ला नाही.
त्याला बांगड्याचं डोकं लागायचं,
तेही ताजं,
तेही फिलोमेनच्याच हातचं.

तो गेला त्या पहाटे फेर्मीनने भट्टी पेटवली नाही.
गावाला पाव मिळाला नाही,
आणि हळदोण्यासारख्या गावात
कुणी तक्रार केली नाही.

आता कारखाना वेर्ण्याला आहे. नातू चालवतो.
माझा बोका अजून पाकिटावर आहे म्हणे.
परवा म्हापशाच्या बाजारात दिसला:
काळा चष्मा, आणि अंगठा वर केलेला.
मांजराला अंगठा कुठून आला
हे दुकानदाराला विचारायचं राहिलं.
रंगही तो नव्हे; हा सरबताचा.
हसू तेवढं माझं, जसंच्या तसं,
खोटं ते टिकलं.
आणि दोन्ही कान साबूत.

घरी आणलं. चष्मा लावून नीट बघितलं,
मी माझा, त्याने त्याचा.
बॉलपेनने डाव्या कानाला चीर पाडली.
शाई प्लास्टिकवर धरेना.
पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा निसटली.

मग कात्री घेतली.
तोस आता मऊ पडतील.
पडोत.